दुसरी रेघ

आमच्या शेडमधून काचेची कुठलीही वस्तू बाहेर जायची असली की तिच्यावर दोन बारीक रेघा लागायच्या. एक बनवणाऱ्याची, दुसरी तपासणाऱ्याची. तपासायला एक पेटी होती. खाली दिवा, वर दोन काळसर काचा, मध्ये वस्तू धरायची. काच नीट निवली असेल तर काही दिसत नाही, नुसता अंधार. आत ताण राहिला असेल तर सांध्यापाशी रंग उमटतात, साचलेल्या पाण्यावर रॉकेल सांडल्यासारखे. अशी काच वर्षभर टिकेल किंवा तासाभरात फुटेल, ते तिचं तिलाच ठाऊक. म्हणून दोघांनी बघायचं आणि तोंडाच्या जाड, घासलेल्या भागावर, जिथे काच कमजोर होत नाही तिथे, हिऱ्याच्या पेन्सिलने आपापली रेघ मारायची. मग माल दाराबाहेर.

मला हा नियम अपमानाचा वाटायचा.

मी चौथी पास. तेराव्या वर्षी मुंबईच्या एका उपनगरात, प्रयोगशाळांची काच बनवणाऱ्या कारखान्यात लागलो, तो पस्तीस-चाळीस वर्षं बर्नरपुढून उठलो नाही. तिथे तपासणी म्हणजे टिचकी. नखाने टिचकी मारायची आणि कान द्यायचा. माझा एकही नग कधी परत आला नाही, असं मी लोकांना सांगत आलोय. ते खरं नाही. एक आला. तो कसा आला ते लिहितो.

बायको गेल्यावर मुलाने मला जपानला, कावासाकीला बोलावून घेतलं. तो तिथे कॉम्प्युटर कंपनीत. दोन खोल्यांचं घर, सून कामावर, नात शाळेत. नातीला मराठीत काही विचारलं की ती जपानीत उत्तर द्यायची आणि टीव्हीकडे वळायची. दीड महिन्यात मी भिंतीवरचे डाग मोजायला लागलो. मग इथल्या मराठी लोकांच्या गणपतीत त्सुकुबा या संशोधन संस्थांच्या गावातला एक शास्त्रज्ञ भेटला. तो म्हणाला, "आमच्याकडे एक गोरा म्हातारा काच फुंकतो. हाताखाली माणूस मिळत नाही म्हणून रडतो." पुढच्या रविवारी मी ट्रेन पकडून तिथे हजर.

म्हाताऱ्याने माझ्या हातात दोन नळ्या दिल्या आणि खुणेने सांगितलं, जोड. मी जोडल्या. त्याने पेटीत बघितल्या, बराच वेळ बघितल्या. मग म्हणाला, "हात चांगला आहे. घमेंड त्याहून चांगली आहे."

मी म्हटलं, "पगार हाताचा द्या. घमेंड फुकट."

आमची भाषा म्हणजे थोडं इंग्लिश, थोडं जपानी आणि उरलेले हातवारे. इथे मी ती मराठीत मांडतोय एवढंच. परदेशी पद्धतीच्या काचकामाचा दहा वर्षांहून जास्त अनुभव असेल तर इथे कामाचे कागद होतात. ते त्याने केले आणि मी शेडजवळच राहायला आलो. मी त्याला वस्ताद म्हणायचो, कारण आमच्या धंद्यात तोच शब्द आहे. तो मला मिस्त्री-सान म्हणायचा, म्हणजे मिस्त्रीसाहेब. त्याच्या जपानी बायकोला मी पहिल्या दिवसापासून वहिनी म्हटलं. तिने त्याचा अर्थ कधी विचारला नाही, हाक ऐकून मात्र यायची.

वस्ताद हंगेरीचा. छपन्न साली तिथे लोक सरकारविरुद्ध उठले, मग रशियाचे रणगाडे आले, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. आईला म्हणाला, दोन आठवड्यांत येतो, आणि चालत सरहद्द ओलांडून ऑस्ट्रियात गेला. तिथे एका शाळेत निर्वासितांचा कॅम्प. टेबलाशी एक बाई यादी घेऊन बसलेली, प्रत्येकाला विचारायची, काम काय येतं? याच्या पुढच्या माणसाने सांगितलं, काच. त्याला लगेच एका बसकडे पाठवलं. त्या बसच्या खिडक्यांवर आतून वाफ धरली होती, म्हणजे आत ऊब होती. याचे बूट ओले. यानेही सांगितलं, काच. "तोवर मी काच फक्त फोडली होती," असं म्हणून तो गदागदा हसायचा. जर्मनीतल्या कारखान्यात पहिल्याच सकाळी पितळ उघडं पडलं. मालकाने एक महिना दिला. हा रोज पहाटे चारला उठून तुटक्या नळ्यांवर हात बसवायचा. महिन्याने मालकाने काहीच म्हटलं नाही, आणि त्याचाच अर्थ राहा असा होता.

दहा वर्षांनी तो एका मोठ्या काचयंत्रासोबत जपानला आला, तीन महिन्यांसाठी. तो दोन आठवड्यांसाठी किंवा तीन महिन्यांसाठी निघायचा आणि जन्मभर राहायचा, अशी त्याची रीत. इथे लग्न केलं, शेड उभी केली. त्या काळी परदेशी माणसाला नगरपालिकेत जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागत. काच करणाऱ्याची बोटं भाजून भाजून गुळगुळीत होतात. शाईत बुडवून कागदावर दाबली की नुसता काळा ठिपका. कारकून म्हणायचा पुन्हा, हा पुन्हा दाबायचा, पुन्हा ठिपका. "माझ्याकडे देश नव्हता ते त्यांनी चालवून घेतलं," वस्ताद म्हणायचा, "ठसे नव्हते ते चालेना."

दोन हजार अकराच्या मार्चमध्ये मोठा भूकंप झाला तेव्हा आम्ही दोघं शेडमध्येच होतो. फळ्यांवरून काच कोसळायला लागली आणि वस्ताद मला दंडाला धरून ओढत बाहेर घेऊन गेला. उत्तरेकडे, समुद्राकाठी त्सुनामीने जे केलं त्यापुढे आमचं काहीच नाही. आमच्याकडे माणसं वाचली. पण त्सुकुबातल्या संशोधन संस्थांमधली काच गेली, खोल्यांमागून खोल्या. दुसऱ्या आठवड्यापासून फोन थांबेना.

आणि आमची भट्टी बंद. एरवी केलेली वस्तू तापवलेल्या भट्टीत ठेवून रात्रभर हळूहळू निववायची असते. भट्टीच्या आतल्या विटा फुटल्या होत्या, नव्या कधी येतील सांगता येत नव्हतं. म्हणून आम्ही ज्योतीवर निववत होतो. हवा कमी करून ज्योत पिवळी, धुरकट करायची, काचेवर काजळी धरेपर्यंत वस्तू फिरवायची, मग हळूहळू बाहेर काढायची. ही आमची जुनी मुंबईची पद्धत. यात मी वस्तादाचा बाप होतो आणि ते त्याला दिवसातून दोनदा ऐकवत होतो.

एक अडचण होती. इथल्या गॅसच्या मीटरला जमीन हललेली कळते. धक्का मोठा असला की तो आपोआप गॅस तोडतो. मग बटण दाबून तीन मिनिटं थांबायचं. त्या दिवसांत धक्के रोजचेच होते.

टीव्हीवर फुटलेली अणुभट्टी दिसत होती. मुलाचा रोज संध्याकाळी शेडच्या फोनवर फोन.

"बाबा, शुक्रवारचं मुंबईचं तिकीट काढलंय. तुमचंही."

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असता."

"मग काढलंस कशाला?"

"सगळे चाललेत, बाबा. ही हट्टाची वेळ आहे का?"

"वेळ बघून करतात त्याला हट्ट म्हणत नाहीत."

मी वस्तादाला विचारलं, तुम्ही निघणार का? तो म्हणाला, "दोन आठवड्यांसाठी निघालो होतो, अजून पोचलो नाही. आता नव्याने कुठे निघू?"

मंगळवारी वस्ताद एका संस्थेत जागेवरच दुरुस्ती करायला गेला होता. मी दोन ट्रॅप करत होतो. ट्रॅप म्हणजे काचेत काच बसवलेलं भांडं. बाहेरून अतिथंड नायट्रोजनमध्ये बुडवायचं, आतली हवा पंपाने ओढून घ्यायची. असं भांडं फुटलं तर आधी आत कोसळतं आणि मग तुकडे समोरच्याच्या तोंडावर येतात. मागणी सांगलीच्या एका मुलीची होती. इथे पीएचडी करायची, मला काका म्हणायची.

एक ट्रॅप माझ्या हातात होता, दुसरा स्टँडवर छोट्या पिवळ्या ज्योतीत निवत होता. जमीन हलली. दोन्ही ज्योती विझल्या. तापलेली काच हातात आणि खाली ज्योत नाही. मीटरचं बटण दाबलं आणि तीन मिनिटं थांबलो. ती तीन मिनिटं काच उघड्या हवेत होती. मार्चची थंडी, दाराच्या फटीतून वारा. मग पुन्हा पेटवून दोन्ही तापवले, काजळी धरली, निववले. टिचकी मारली. आवाज ठणठणीत.

दुसऱ्याची बाजूची नळी जोडायची राहिली होती. पहिला पुसून, माझी रेघ मारून ठेवतोय तोच ती मुलगी सायकलवरून आली.

"काका, झाला का?"

"एक झाला."

"एक तर एक. सर म्हणतात उद्या सकाळीच पंप लावायचा. तीन महिन्यांचे नमुने गोठवून ठेवलेत मी. वीज परत गेली तर रडत सांगलीला जायचं." तिने ट्रॅप फिरवून बघितला. "काका, रेघ एकच आहे. वस्ताद नाहीत का?"

"संध्याकाळी येतील."

"मग थांबू? पण अंधाराच्या आत पोचायचंय हो. रस्त्याला भेगा पडल्यात."

"दे इकडे."

मी ट्रॅप आत नेला. पेटी चार पावलांवर होती. दिवा लावायला कितीसा वेळ? मी लावला नाही. घाई होती असं नंतर मनाला सांगून बघितलं, पण ते खोटं. पेटीत बघितलं असतं तर माझ्या टिचकीला कळत नाही हे मीच कबूल केल्यासारखं झालं असतं. मी हिऱ्याची पेन्सिल उचलली आणि वस्तादाची रेघ मारली. त्याचा अंगठा एकदा भाजून आखडला होता, त्यामुळे त्याची रेघ डावीकडे कलायची. मीही कलती मारली. चौथी पास माणसाला कुणाची सही काढता येत नाही. रेघ येते.

बुधवारी सकाळी वस्तादाने स्टँडवरचा दुसरा ट्रॅप उचलून पेटीत धरला.

"मिस्त्री-सान, इकडे ये."

मी बघितलं. सांध्याभोवती गोल फिरलेला रंग. निळा, पिवळा, मध्ये लाल.

"काल गॅस तुटला होता?"

"हो."

"बरं झालं हा बाहेर गेला नाही. पहिला कुठे आहे?"

माझ्या तोंडून निघालं, "त्याचं काम राहिलंय थोडं."

तो मान हलवून आपल्या टेबलाकडे वळला. पहिला हातात होता, त्याला वारा जास्त लागला होता. आठ वाजून गेले होते. सकाळीच पंप लावायचा, असं ती म्हणाली होती.

तेव्हा खरं बोलून एक फोन केला असता तर काम झालं असतं. मी बोललो नाही. नळाला अजून पाणी नव्हतं, टँकरवरून आणावं लागायचं. "पाणी आणतो," असं म्हणून मी दोन रिकामे कॅन सायकलला अडकवले आणि निघालो. माझं गणित असं की जायचं, ट्रॅप मागून घ्यायचा, नवा करून द्यायचा, कुणाला कळायला नको. माझ्याकडे मोबाइल नव्हता. मीच नको म्हटलं होतं, गळ्यात घंटा कशाला म्हणून.

सायकलवरून अर्धा तास लागतो. त्या दिवशी किती लागला माहीत नाही. रस्त्याचे तुकडे वर आले होते, दोनदा उतरून सायकल उचलावी लागली. कॅन खडखडत होते. मला सारखी त्या मुलीची सवय आठवत होती. काचेत काही बघायचं असलं की ती नाक लागेल इतकं तोंड जवळ न्यायची. चष्मा घालायची, पण चष्मा गालांना नसतो.

फाटकावर पहारेकऱ्याने नम्रपणे कागद पुढे केला. कुणाला भेटायचं, कुठली इमारत, कुठला विभाग, काम काय. सगळं जपानीत. मला इमारतीचा नंबर ठाऊक नव्हता. त्या मुलीला मी पोरी म्हणायचो, आडनाव मला येत नव्हतं.

"ग्लास," मी म्हटलं. "अबुनाय. धोका. पंप बंद."

त्याने माझ्याकडे बघितलं, रिकाम्या कॅनकडे बघितलं, आणि पाण्याचा टँकर कुठे उभा आहे ते मला हाताने दाखवलं.

मी ओरडलो. तो घाबरला, पण आत सोडेना. शेवटी मी काचेचं भांडं हवेत काढून दाखवलं, आमच्या शेडच्या दिशेला बोट केलं, फोनची खूण केली. त्याला उमगलं. काच पुरवणाऱ्याचा नंबर त्याच्या वहीत होता. वहिनींनी उचलला. त्याने काहीतरी सांगितलं आणि फोन माझ्याकडे दिला. पलीकडे आता वस्ताद होता.

"पाणी तिथे मिळतं का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मिस्त्री-सान?"

"वस्ताद, पहिला ट्रॅप कालच गेला. इथे आहे. पेटीत बघितला नव्हता."

"माझ्या रेघेशिवाय त्यांनी घेतला कसा?"

"तुमची रेघ मीच मारली."

मग तो म्हणाला, "फोन त्याला दे."

पहारेकरी दोन वाक्यं ऐकून ताठ झाला आणि दुसरा फोन उचलून भराभर बोलायला लागला. मी तिथे उभा. लांब इमारतींच्या रांगेतून कुठूनही काही आवाज आला की तो काचेचा तर नाही ना, ते मी कान देऊन ऐकायचो. दहाएक मिनिटांनी त्याने दोन्ही हात खाली दाबून मला खूण केली, बंद. पंप सकाळपासून चालू होता. नायट्रोजन ओतायला ती मुलगी हातात भांडं घेऊन उभीच होती. त्यांनी आधी हळूहळू हवा आत सोडली, मग सगळे खोलीबाहेर गेले.

पेट्रोल तेव्हा तासन्‌तास रांग लावून मिळत होतं. व्हॅनमध्ये उरलेलं अर्ध्या टाकीचं तेल वस्तादाने अडल्यानडल्यासाठी राखून ठेवलं होतं. तो ते जाळून आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "चल."

वर, प्रयोगशाळेबाहेर, प्रोफेसर आणि ती मुलगी उभे होते. ट्रॅप टॉवेलात गुंडाळलेला. वस्ताद जपानीत म्हणाला, "चूक आमच्या शेडची आहे," आणि कमरेतून वाकला. माझं नाव नाही, कुणी केलं ते नाही. सत्तरी उलटलेला माणूस, पांढरं डोकं प्रोफेसरच्या पोटाशी. मी ताठ उभा होतो. मुंबईच्या मालकापुढे माझी मान कधी खाली गेली नव्हती. वस्ताद वर येईना. प्रोफेसर "नाही, नाही" म्हणत होता, तरी वर येईना. मुलगी माझ्याकडे बघत होती, रागाने नाही, काय चाललंय ते तिला उमगत नव्हतं. मग मी वाकलो. मी वाकल्यावर तो वर आला.

परत येताना टॉवेल माझ्या मांडीवर. वस्तादाची नजर रस्त्यावर. मला ते सहन होईना आणि माझी जीभ माझी राहिली नाही.

"सकाळपासून पंप लावला होता. टिकलाच ना?"

त्याने गिअर बदलला.

"एवढं काय झालं? तुम्हीही कॅम्पात खोटंच बोललात की. काच येते म्हणून सांगितलंत. त्यावरच सगळं उभं केलंत."

त्याने व्हॅन बाजूला घेतली आणि थांबवली. पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.

"मी माझ्याबद्दल खोटं बोललो," तो म्हणाला. "फुटलं असतं तर माझं फुटलं असतं. तू माझ्या हाताने खोटं बोललास, आणि फुटलं असतं त्या पोरीच्या तोंडावर. दोन्ही एकच वाटतं तुला?"

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. त्याने व्हॅन पुन्हा सुरू केली. पुढे रस्त्याच्या एका भेगेवरून चाक गेलं, फार जोरात नाही, आणि माझ्या मांडीवर, टॉवेलच्या आत, टक्‌ झालं. एकदाच. मी टॉवेल उघडला नाही. हाताला दोन तुकडे लागत होते.

आवाज दोघांनीही ऐकला.

उतरल्यावर तो म्हणाला, "दोन्ही पुन्हा नव्याने करायचे. तूच करायचे." मला वाटलं होतं तो म्हणेल, जा. शुक्रवारचं तिकीट होतंच. खरं सांगतो, जा म्हणाला असता तर मी बरं वाटून गेलो असतो, आणि पुण्या-मुंबईत सांगत फिरलो असतो की अणुभट्टीमुळे परत आलो.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. मी म्हटलं, "माझं तिकीट रद्द कर."

"बाबा, आता काय नवीन?"

"माझा नग परत आलाय."

त्याचं लहानपण त्या कारखान्याच्या चाळीत गेलंय. "तुमचा?" त्याने विचारलं. मग पुन्हा कधी तिकिटाचं बोलला नाही. शुक्रवारी ते तिघं गेले, दीड महिन्याने परत आले.

गुरुवारी मी सकाळी सातला बसलो. पहिला ट्रॅप निम्मा झाला आणि जमीन हलली, ज्योत गेली. मीटरचं बटण दाबायला उठलोही नाही. हातातली काच तुकड्यांच्या डब्यात टाकली आणि नवी नळी घेतली. वस्ताद समोरच्या टेबलावर आपलं काम करत होता. एकदाही मान वर केली नाही. दोन्ही पुरे व्हायला संध्याकाळ झाली. मी दोन्ही पेटीत धरले, आणि मी बघून झाल्यावर तो उठून आला. त्याने कधी नव्हे इतका वेळ बघितलं. मला राग येत होता आणि राग यायचा हक्क नव्हता. शेवटी त्याने पेन्सिल उचलली.

शुक्रवारी सकाळी ती मुलगी आली. यावेळी सायकलला मागे खोका बांधून, खोक्यात जुनं पांघरूण. तिने ट्रॅप हातात घेतला. रेघांकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं.

"काका, हा नक्की ना?"

आयुष्यभर या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं होतं. ते ओठांवर आलंही.

"वस्तादांना विचार," मी म्हटलं.

ती त्याच्या टेबलाकडे गेली आणि जपानीत विचारलं. त्याने बर्नर बारीक केला, ट्रॅप तिच्या हातातून घेतला आणि पुन्हा पेटीकडे निघाला. जाता जाता मला म्हणाला, "मिस्त्री-सान, दिवा लाव."